सोपानचं स्टूल आणि आमचं इंटरनॅशनल डिपार्टमेंट

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात एका पायाचे बूट साठतात. जोडीतला दुसरा कुठं गेला ते कुणालाच माहीत नसतं, पण सापडंल कधीतरी म्हणून कुणी फेकतही नाही. किश्शांचंही तसंच. एक पडून राहतो, त्याच्यावर दुसरा पडतो, आणि एक दिवस बघावं तर बसायला जागा नाही! म्हणून म्हटलं, थोडे बाहेर काढावेत.

तर आमची ‘भाईचारा स्पोर्ट्स एजन्सी’. औरंगपुऱ्यात, बांगड्यांच्या दुकानाच्या वर. बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरापोरींना क्लब मिळवून द्यायचा, त्यांचा करार करायचा आणि तो पाळून घ्यायचा, हा धंदा. मालक वसीमभाई. तरुणपणी फुटबॉल खेळायचे. आता फुटबॉल त्यांनी शर्टाच्या आत ठेवलाय. दुसऱ्या कुलकर्णी मॅडम, वकील. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचे, आता ह्या कलमं सांगतात. सूर तोच!

आणि तिसरा मी, दत्तूमामा. शाळा सातवीपर्यंत केली. पुढची शाळेला परवडली नाही. मी व्हॅन चालवतो, चहा आणतो आणि उरलेल्या वेळात ह्या दोघांना छळतो.

खेळाडू तसे आठ-दहा असतील, पण घर चालायचं एकावर. सोपान, जवळच्या करमाड गावचा. बास्केटबॉलवाला. उभा राहिला की ट्यूबलाइटची धूळ फुंकून काढतो. साऱ्या देशात नाव झालेला आमच्याकडचा हा एकच. त्याच्याकडं बघूनच क्लबवाले आमचा फोन उचलायचे. आणि गेल्या साली त्याचा आमच्याशी असलेला करार संपत आला. मुंबईची एक मोठी एजन्सी त्याच्या मागं लागली होती. सोपान गेला असता तर आमचं शटर खाली, हे खालच्या बांगडीवाल्यालासुद्धा माहीत होतं. त्यानं वरची जागा गोडाऊनला मागूनसुद्धा ठेवली होती!

*

ऑफिसचा दरवाजा जुना, बुटका. सोपान पहिल्यांदा आला तेव्हा कपाळ असं आपटलं की खाली बांगड्या वाजल्या. दुसऱ्यांदा आला, तसंच. मग मी चौकटीवर ठळक अक्षरात पाटी लावली, ‘डोकं सांभाळा’.

वसीमभाईंची उंची अशी, की त्यांचं डोकं आणि चौकट यांच्यामधी एक कोंबडी आरामात अंडं घालील. पण त्या दिवसापासून वसीमभाई येताजाता पाटी वाचतात आणि वाकतात! रोज. अदबीनं. सोपान पाटी वाचत नाही आणि रोज आपटतो.

मॅडम म्हणाल्या, “मामा, या पाटीचा काय उपयोग झाला?”

म्हटलं, “झाला की! मालक नम्र झाले.”

*

सुरुवातीला क्लबवाले फोन करायचे आणि विचारायचे, “तुमच्याकडं लीगल डिपार्टमेंट आहे का?” वसीमभाई प्रामाणिक माणूस. “हौ, एक मॅडम है,” म्हणायचे. तिकडून फोन बंद.

मग मी फोन माझ्याकडं घेतला.

फोन आला की आधी बारीक, गोड आवाजात म्हणायचो, “भाईचारा, नमस्कार. कुठल्या डिपार्टमेंटला जोडून देऊ?” समोरचा लीगल म्हणाला की, “लाइनवर थांबा,” म्हणायचं आणि स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवायचा. टिंग टिंग टिडिंग, टिंग टिंग टिडिंग. ही आमची होल्डची धून, मीच बसवलेली. तेवढ्यात मॅडमनं तोंडातला पोहा गिळायचा आणि मी टेबलाच्या ह्या बाजूनं त्या बाजूला फोन सरकवायचा. झालं लीगल!

कुणी “फॉरेनचं कोण बघतं?” विचारलं की इंटरनॅशनल डिपार्टमेंट. तो पुन्हा मीच. आवाज जाड करायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, “यस. प्लीज होल्ड!” माझं इंग्रजी तेवढंच. पण होल्डवर ठेवलेल्या माणसाला पुढचं इंग्रजी लागत नाही.

एकदा मुंबईच्या त्या मोठ्या एजन्सीचा फोन आला. करणसाहेब नावाचे कुणी होते. बोलणं लई अदबीचं. “सोपानशी आम्ही बोलणार आहोत. तुम्हाला न सांगता बोलणं बरं दिसत नाही, म्हणून आधी कळवतोय.” म्हटलं, लाइनवर थांबा. वसीमभाई घरी गेलेले, मॅडम कोर्टात. मी त्यांना लीगलकडून इंटरनॅशनलकडं आणि इंटरनॅशनलकडून परत रिसेप्शनला फिरवत राहिलो. चमचा वाजवून वाजवून हात दुखला, पण त्यांनी फोन काही ठेवला नाही!

शेवटी तेच म्हणाले, “तुमची एजन्सी फार मोठी दिसते.”

मी बारीक आवाजात म्हटलं, “माणसं कमी पडतात, साहेब!”

*

वसीमभाईंचा एक नियम आहे. खेळाडूच्या घरी जाऊन जेवल्याशिवाय सही घ्यायची नाही. “जिसके घर का नमक नहीं खाया, उसके वास्ते झगडूं कैसे?” म्हणतात. मॅडम म्हणतात, कायद्यात असं कुठंही नाही. मी म्हणतो, कायद्यात आमटी पण नाही, म्हणून कायदा असा कोरडा.

तर सोपानच्या घरी, करमाडला, आम्ही तिघं जेवायला गेलो. त्याची आई गयाबाई. तिनं येसर मसाल्याची जाळ आमटी केलेली. पहिल्या घासाला मॅडमच्या डोळ्यातनं पाणी आलं, दुसऱ्याला वसीमभाईंच्या, तिसऱ्याला मी बाहेर जाऊन म्हशीशेजारी उभा राहिलो. सोपान मात्र दूध प्यावं तशी पीत होता.

जेवणं झाल्यावर मॅडमनं करार काढला. सारी कलमं मराठीतनं समजावून सांगितली. गयाबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “समदं बरूबर हाय बाई. पर ह्यो निजंल कुठं?”

मॅडमला कळंना. म्हणाल्या, “हॉटेलात. चांगल्या हॉटेलात.”

“आवो, हॉटेलातली खाट केवढी आन्‌ माझं पोरगं केवढं! घरी सुताराकडून मोठी खाट करून घेतली तवा पोरगं पाय लांब करून झोपलं. भाईर गेलं की गुडघे पोटाशी घेऊन निजतंय. मंग सकाळी उडी काय मारंल?”

वसीमभाईंनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाले, “मॅडम, खाट की कलम डालो.”

मॅडमनं तिथंच कलम घातलं. इंग्रजीत. खाटेला त्यांनी असा काही भारदस्त शब्द वापरला, की क्लबच्या मॅनेजरचा फोन आला, “तुमच्या खेळाडूला कसलं यंत्र लागतं?” मी त्याला लीगलला जोडून दिलं.

पण कलमानं खाटा लांब होत नाहीत. मग मीच एक लाकडी स्टूल घेतलं, खाटेच्या उंचीचं. वर जुन्या रजईचा तुकडा ठोकला. खाटेच्या पायथ्याशी लावलं की सोपानचे पाय त्याच्यावर. तेव्हापासून सोपान जिथं खेळायला जातो तिथं ते स्टूल जातं. घरी आला की ते व्हॅनच्या डिकीत. विमानतळावर एकदा विचारलं, “हे काय आहे?” सोपान म्हणाला, “पाय हायेत माझे.”

*

आमच्याकडं उंच पोरं असतात ही बातमी हळूहळू गावभर झाली. एक दिवस गुलमंडीकडचे एक काका जिना चढून वर आले, धोतर नेसलेले, हातात फोटोचं पाकीट. मॅडमसमोर बसले आणि म्हणाले, “मुलगी आहे. उंच आहे.”

मॅडम खूश! “वा! काय खेळते?”

“खेळत नाही. बँकेत आहे.”

“मग?”

“मग काय मग? तुमच्याकडं उंच मुलं मिळतात म्हणे!”

मॅडमनं शांतपणे समजावलं, “काका, आम्ही स्थळं बघत नाही. आम्ही खेळाडूंना रिप्रेझेंट करतो. म्हणजे त्यांच्या वतीनं समोरच्या पार्टीशी बोलतो, त्यांच्या अटी मांडतो, सगळं नीट ठरवून देतो.”

काका म्हणाले, “अहो, मग स्थळ बघणं म्हणजे वेगळं काय असतं?”

मॅडमनं मला चहा आणायला पाठवलं. काका अजून महिन्या-दोन महिन्यांनी येतात. चहा पितात. सोपान असला की त्याच्याकडं खालून वर बघतात आणि सुस्कारा सोडतात.

*

आता नाजनीनचं सांगतो. बजाजनगरची पोरगी, फुटबॉलची गोलकीपर. बाप वाळूजला कंपनीत, शिफ्टला. पोरगी चपळ, पण बाप सहीला तयार नाही. नियमाप्रमाणं आम्ही जेवायला गेलो, बिर्याणी झाली, तरी सही नाही. म्हणाला, “वसीमभाई, तुम अच्छे खेलते थे, सुना है. मेरी बेटी को गोल मार के दिखाओ. तुम्हारा गोल रोक ली, तो दस्तखत. नहीं रोकी, तो पढ़ाई करेगी.”

बिर्याणी पोटात, पायात चप्पल, पण इज्जतीचा सवाल. सगळी गल्ली गोळा झाली. गोल म्हणून दोन सायकली लावल्या. मधी नाजनीन, ओढणी कमरेला बांधून. मी वसीमभाईंच्या कानात म्हटलं, “हळू मारा भाई, पोरगी आपल्याला पायजे.” वसीमभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नमाजात शिट्टी वाजवली.

पळत आले आणि मारली लाथ!

चप्पल सुटली. गोळीसारखी सायकलीच्या कोपऱ्याकडं निघाली. नाजनीननं आडवी उडी घेतली आणि चप्पल हवेत धरली. बॉल मात्र हळूहळू लोळत, दोन ठिकाणी विसावा घेत, मधोमध गोलात गेला.

वसीमभाई दोन्ही हात वर करून नाचायला लागले. गल्ली हसून लोळतेय. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. गोल झाला, पोरगी गेली!

बाप म्हणाला, “नाजनीन, बॉल क्यूं छोड़ी?”

नाजनीन चप्पल झटकत म्हणाली, “अब्बा, जो ज़ोर से आया वो पकड़ी. बॉल तो पैदल आ रा था!”

बापानं मॅडमकडं हात पुढं केला. “लाओ. कहाँ करनी है दस्तखत?”

*

इकडं सोपानचा करार संपायला आला. मॅडमनं नवीन करार लिहून ठेवलेला. वसीमभाई पाठवीनात. मॅडम रोज आठवण करायच्या, ते रोज चष्मा पुसायचे.

“अहो, फोन तरी करा त्याला!”

“नक्को. बच्चा शरम से हां बोल देगा. मुंबईवाले उसको आसमान दिखाएंगे. मैं उसके पांव में रस्सी बांधूं क्या?”

म्हटलं, “भाई, आसमान त्याला कशाला दाखवायला पायजे? त्याचं डोकं तिथंच असतंय!”

हसले नाहीत. वसीमभाई माझ्या जोकवर हसले नाहीत तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या दिवशी ते आत येताना वाकले पण नाहीत.

*

मग तो दिवस. सकाळी मी नाजनीनला चिकलठाणा विमानतळावर सोडलं, तिला एका क्लबची ट्रायल होती. व्हॅन वळवत होतो तर एक साहेब काचेवर टकटक करायला लागले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, खांद्याला लॅपटॉप. त्यांची ठरवलेली गाडी आली नव्हती.

“काका, करमाडला सोडाल का? सोपान म्हणून बास्केटबॉल खेळाडू आहे, त्याच्या घरी जायचंय.”

आवाज ऐकला आणि माझ्या हातातला ग्लास, नसलेला, वाजायला लागला. करणसाहेब! बोललो असतो तर त्यांनी आवाज ओळखला असता. नुसती मान हलवली. साहेब मागं बसले.

हवा भरायचं निमित्त करून पंपावर थांबलो आणि लांब जाऊन वसीमभाईंना फोन लावला. “भाई! शिकार स्वतः येऊन आपल्या गाडीत बसलीय! तुम्ही नुसतं हूं म्हणा. वेरूळ दाखवतो, खुलताबाद दाखवतो, दौलताबादच्या किल्ल्यावर चढवतो. संध्याकाळपर्यंत ह्यांना करमाड सापडत नाही!”

मग वसीमभाई म्हणाले, “नक्को मामा. सीधा लेके जाओ. मेहमान है. एसी लगाओ.”

“आपल्या व्हॅनला एसी कुठंय?”

“तो खिड़की खोलो!” आणि फोन ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाला जिथं जायचं तिथंच नेऊन सोडलं.

गयाबाई दारात होती. मला बघून “आगं बया, मामा तुमी...” म्हणेस्तोवर मी साहेबांच्या पाठीमागून ओठावर बोट ठेवलं. सोपान माझ्याकडं बघून खांबासारखा उभा. मी आपला व्हॅनपाशी, लिंबाखाली. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. माणूस खोटं बोलणारा नव्हता, हे मलाही कबूल. परदेशातली शिबिरं, मोठ्या जाहिराती, खरंखुरं लीगल डिपार्टमेंट. एका फोटोत सोपानला कोट घातलेला दाखवला. गयाबाईनं निरखून बघितलं. “बाही आखूड झालीया.”

सोपान नुसता ऐकत होता. मधीच त्यानं एकदा मान डोलावली आणि मी लिंबाखालनं दोन पावलं दाराकडं सरकलो.

मग गयाबाई म्हणाली, “आदी जेवून घ्या. बोलनं पळून जातंय व्हय?” ताटं मांडली. पण साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मांडी घालता येईना. घरच्या खुर्च्या शेजारी बारशाला गेलेल्या. खाटेवर बसून जेवायचं तर गयाबाईला चालत नाही. साहेब ताटाशी अवघडून उभे.

सोपान उठला. बाहेर आला. माझ्याकडं बघितलं नाही. व्हॅनची डिकी उघडली आणि आपलं स्टूल काढलं.

मी मनात म्हटलं, संपलं दत्तू. पोरानं आपले पाय उचलले.

स्टूल काखेत मारून सोपान आत गेला. साहेबांच्या मागं ठेवलं, वरची रजई झटकली.

“बसा सायेब. आपल्याच हापिसाचं हाय.”

साहेब बसले. ताटाकडं नेलेला हात तसाच थांबला. “आपल्याच म्हणजे? कुठल्या ऑफिसचं?”

“औरंगपुऱ्याच्या. बांगड्यांच्या दुकानावरच्या,” सोपान म्हणाला. “आये, वाढ.”

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग खाली वाकून स्टुलाकडं बघितलं. मग सावकाश लॅपटॉप मिटवला आणि ताट पुढं घेतलं. पहिल्या घासाला डोळ्यातनं पाणी आलं. पण गडी उठला नाही. आमटी मागून घेतली, दुसऱ्यांदा!

परत निघालो तेव्हा साहेब मागं नाही, पुढं माझ्याशेजारी बसले. खिडकी पूर्ण खाली. नाक पुसत होते. आवाज ओळखतील म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण मन असं हलकं झालेलं, की माझं मलाच कळलं नाही केव्हा बोटातली अंगठी गिअरच्या दांड्यावर वाजायला लागली. टिंग टिंग टिडिंग. टिंग टिंग टिडिंग.

साहेब ताठ झाले. दांड्याकडं बघितलं. माझ्या बोटाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बराच वेळ.

मग समोर रस्त्याकडं तोंड केलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि लई अदबीनं म्हणाले, “नमस्कार. जरा इंटरनॅशनल डिपार्टमेंटला जोडून द्याल का?”

मी घसा खाकरला. आवाज जाड केला.

“यस. प्लीज होल्ड!”